काठीपासून खुर्चीपर्यंत : मावशीचे कानमंत्र

अगं पोरी, बाबांना पार्किन्सन्स असल्याचं कळल्यापासून तू रात्र रात्र मोबाइलवर काठ्या, वॉकर आणि व्हीलचेअरी बघत बसतेस, असं तुझी आई सांगत होती. बघ हवं तर, पण एवढ्यात विकत काही घेऊ नकोस. तुझ्या काकांच्या आजारपणात यातल्या बहुतेक वस्तू आमच्या घरी येऊन गेल्या. कुठली उपयोगी पडली आणि कुठली नुसती कोपऱ्यात उभी राहिली, ते मला पाठ आहे. हा आजार सावकाश पुढे सरकतो, आणि आज सोयीची वाटणारी वस्तू पुढे अडचण होऊन बसते. म्हणून माझं एवढं धर: आजाराच्या एक पाऊल पुढे, माणसाच्या एक पाऊल मागे. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

१. आधी बाबांना विचार, मग दुकानात जा — न विचारता घरात आलेली काठी माणूस हातात धरत नाही, दाराआड ठेवतो. मूठ कशी हवी, रंग कुठला, पिशवी अडकवायची का, हे त्यांना ठरवू दे.

२. "काय जमत नाही?" असं विचारू नकोस, "कुठं जायचंय?" असं विचार — कोपऱ्यावरच्या वाचनालयात जायला एक वस्तू लागते, रात्री संडासापर्यंत जायला दुसरी. पहिल्या प्रश्नाला बाबा गप्प बसतील, दुसऱ्याला यादी सांगतील.

३. गोळी लागू असताना आणि गोळीचा अंमल उतरल्यावर ते कसे चालतात, दोन्ही चार दिवस वहीत टिपून ठेव — सकाळी दहाला ताठ चालणारा माणूस पुढच्या गोळीआधी दारात खिळल्यासारखा उभा राहतो. वस्तू निवडायची ती या अवघड वेळेसाठी. डॉक्टरांसमोर बाबा नेमके छान चालून दाखवतील, म्हणून वही बरोबर ने.

४. फिजिओथेरपिस्टना एकदा तरी घरी बोलव — दवाखान्यातली फरशी मोकळी असते; आपल्या घरात टीपॉय असतो, पायपुसणी असतात, आणि पलंग नि कपाट यांच्यामधली ती चिंचोळी वाट असते.

५. आधी माप, मग माल. संडास, न्हाणीघर, खोल्यांची दारं आणि सोसायटीची लिफ्ट टेपने मोज, आणि दार उघडं ठेवून फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंतचं अंतर घे — उघडलेली फळी स्वतःच इंच-दीड इंच खाते, आणि नुसत्या चौकटीच्या मापावर घेतलेली खुर्ची तेवढ्यासाठी बाहेर राहते.

६. पहिली वस्तू भाड्याने आण — पुण्या-मुंबईत आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी सामाजिक संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं चालवतात. अनामत भरून काठी, वॉकर, कमोड, व्हीलचेअर, पलंगसुद्धा मिळतो. महिनाभर घरात वापरून बघितलं की कुणाचा सल्ला विचारायची गरज उरत नाही.

७. पुण्यात असशील तेव्हा पार्किन्सन्स मित्रमंडळात जाऊन ये — तिथं हा आजार घरात वागवणारी माणसं भेटतात, आणि त्यांनी दहा मिनिटांत सांगितलेलं दुकानदाराच्या तासाभरात कळत नाही. बाबांनाही ने. आपल्यासारखं चालणारं माणूस भेटलं की संकोच अर्धा होतो.

आता काठी. सगळे तिला सोपी समजतात, पण घोटाळे तिथेच जास्त होतात.

८. काठी एका पायाचीच घे, चार पायांची नको — चारही पाय एकदम टेकले तरच ती स्थिर राहते, आणि बाबांच्या चालीत ते क्वचित साधेल; तीन टेकतील, चौथा डुगडुगेल. शेजारच्या आजोबांना पक्षाघातानंतर ती लाभली असेल. त्यांचा आजार वेगळा, आपला वेगळा.

९. उंची घेताना बाबांना रोजच्या पादत्राणांत उभं कर आणि हात सैल सोडायला सांग; काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी — उंच काठीने खांदा वर चढतो, आणि बुटक्या काठीने आधीच वाकलेली पाठ आणखी वाकते. आजोबांची शिसवी काठीच त्यांना हवी असेल तर नाही म्हणू नकोस. मापाला कापून घे आणि टोकाला रबर बसव.

१०. ते रबर दर महिन्याला उलटं करून बघ आणि रेघा पुसल्या गेल्या की बदल — ओल्या फरशीला काठी धरत नाही, रबर धरतं. अगदी थोड्या पैशांची ही वस्तू, आणि खुब्याचं हाड तिच्यावर अवलंबून.

११. चारही पायांना नुसती रबरं असलेला, उचलून ठेवायचा वॉकर घेऊ नकोस, दुकानदाराने तोच आधी पुढे केला तरी — उचला, ठेवा, मग पाऊल टाका, अशी तीन कामं एका दमात करावी लागतात. पार्किन्सन्समध्ये एका वेळी दोन कामंही जड जातात, आणि उचलण्याच्या क्षणी तोल मागे जातो. या आजारात माणूस मागच्या मागे पडतो, हे विसरू नकोस.

१२. चाकांचा वॉकर घे, पण ब्रेक नीट बघून. या आजाराला ज्यांचं नाव मिळालं त्या लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लिहिलेल्या निबंधातच नोंदवलंय की रोगी पुढे झुकतो आणि चालता चालता पळू लागतो. बाबांची पावलं अशी छोटी छोटी होऊन धावू लागली की साधा चार चाकांचा वॉकर त्यांच्याही पुढे पळतो. त्या घाईत ब्रेक दाबायला बोटं वेळेवर वळत नाहीत. म्हणून काही वॉकरांत ब्रेक उलटे असतात: मूठ दाबून धरली तरच चाकं फिरतात, सोडली की थांबतात. काहींत चाकांचा वेग आवळून कमी करता येतो. यातलं बाबांच्या हाताला काय जमतं ते दुकानात नाही, घरच्या बोळात ठरव — हात थरथरत असताना काय आठवतं आणि काय विसरतं, ते तिथंच दिसतं.

१३. बसायची फळी असलेला वॉकर घेतलास तर एक सवय पहिल्या दिवसापासून लाव: भिंतीला पाठ लावून वॉकर उभा करायचा, दोन्ही ब्रेक लावायचे, मग बसायचं — ब्रेक राहिला तर फळी मागे सरकते आणि माणूस जमिनीवर बसतो. आणि त्या फळीवर बसलेल्या माणसाला ढकलत न्यायचं नाही. तो वॉकर आहे, व्हीलचेअर नव्हे.

१४. वॉकरला टोपली किंवा पिशवी लावून दे — हातात चहाचा कप आला की एक हात आधाराचा सुटतो आणि लक्षही कपात जातं. चष्मा, मोबाइल, वर्तमानपत्र टोपलीत राहू दे. चहा तू आणून दे, लाड म्हणून.

१५. पाय जमिनीला चिकटला की ओढू नकोस, ढकलू नकोस, "चला ना" असं म्हणू नकोस — घाईने अडतं, सवडीने सुटतं. थांबायला सांग, वजन या पायावरून त्या पायावर झुलवायला सांग, मग "एक, दोन, तीन" म्हणत मोठं पाऊल. तुझ्या काकांना टाळांच्या ठेक्यावर पाऊल सुटायचं. बाबांचा ठेका कुठला ते शोधून काढ.

१६. जिथं नेहमी पाय चिकटतो तिथं फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटव, एका पावलाच्या अंतराने — ओलांडायला काही दिसलं की अडलेलं पाऊल पुष्कळांचं उचललं जातं. दाराच्या चौकटीत, स्वयंपाकघराच्या वळणावर, संडासापुढे. लेझरची लाल रेघ पाडणारी काठीही मिळते, पण ती महाग असते आणि सगळ्यांना लागू पडत नाही. आधी चिकटपट्टी लावून बघ.

१७. वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल घेऊन वळायचं — पाय मागे राहतात, धड पुढे वळतं आणि तोल जातो. तेवढी जागा हवी म्हणून टीपॉय आजच हलव. आईचा जीव आहे त्या टीपॉयवर, ठाऊक आहे मला; तिच्याशी मी बोलेन.

१८. घरात सैल सपाता बंद, मागे पट्टा असलेली पादत्राणं चालू — आणि त्यांचा तळ गुळगुळीत नको, तसा फरशीला चिकटणारा जाड रबरीही नको; पाय घासत चालणाऱ्याचा बूट तिथंच अडकतो.

१९. गोळ्यांची वेळ मिनिटावर सांभाळ — उशिरा गेलेल्या गोळीची उणीव कुठलाही वॉकर भरून काढत नाही. इस्पितळात ठेवायची वेळ आली तर वेळापत्रक कागदावर लिहून तिथल्या नर्सच्या हातात दे.

चालण्याचं साहित्य म्हटलं की सगळे पायांचा विचार करतात. पण उठणं, बसणं आणि कुशीवर वळणं आधी अडतं. तिथं थोडक्या खर्चात पुष्कळ काम होतं.

२०. मऊ, खोल सोफा बाबांसाठी बंद. कडक बैठकीची, दोन हातांची, थोडी उंच खुर्ची दे — खोल बसलेल्याला उठताना वजन पुढे आणता येत नाही. बैठकीच्या कडेला सरकायचं, पावलं मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत आणायचं, मग उठायचं. "नाक पुढे, पाय मागे" एवढंच म्हणत जा.

२१. उठल्यावर लगेच चालायला लावू नकोस, खुर्चीला धरून जरा उभं राहू दे — या आजारात, आणि त्याच्या गोळ्यांनीही, उठताच रक्तदाब उतरतो नि डोळ्यांपुढे अंधारी येते.

२२. पलंगावर कमरेच्या भागात सॅटिनचं गुळगुळीत कापड पसर — रात्री कुशीवर वळायला अंग सरकतं आणि प्रत्येक वेळी तुला उठावं लागत नाही. पायांकडे मात्र साधी चादरच राहू दे, टाचा रोवायला आधार लागतो.

२३. इस्पितळासारखा पलंग लवकर आणू नकोस — तो आला की घर आजारी वाटू लागतं. आधी पलंगाला कडेचा दांडा बसवून बघ, पुष्कळ दिवस तेवढ्यावर भागतं.

२४. न्हाणीघरात टॉवेलच्या दांडीला धरू देऊ नकोस, आधाराचे दांडे वेगळे बसव — टॉवेलची दांडी टॉवेलचंच वजन पेलते. भोक पाडताना टाइल पोकळ वाजत नाही ना ते बघून घे, आणि बसवल्यावर आधी तू स्वतः लटकून बघ.

२५. न्हाणीघराचं दार बाहेर उघडेल असं करून घे आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी लाव — माणूस आत पडला तर बहुधा दारालाच टेकून पडतो, मग आत उघडणारं दार कुणालाच ढकलता येत नाही. सुताराचं एका दिवसाचं काम आहे. वॉकर घेण्याच्याही आधी हे कर.

२६. अंघोळीला पाठ असलेलं प्लास्टिकचं स्टूल, हातात धरायचा शॉवर आणि खाली न घसरणारी चटई. उकिडवं बसणं अवघड झालं की कमोडची खुर्ची — आणि तीच खुर्ची रात्री पलंगाशेजारी ठेवता येते. रात्रीच्या लघवीच्या घाईत जितकी माणसं पडतात तितकी रस्त्यावरही पडत नसतील असं मला वाटतं. वाटेवर एक मंद दिवा कायम चालू ठेव.

आता खुर्चीकडे येऊ. तुझा सगळा जीव तिच्यातच अडकलाय, आणि बाबांना धास्तीही तिचीच आहे.

२७. व्हीलचेअर लांबच्या अंतरासाठी आण, घरासाठी नव्हे — लग्नकार्य, देऊळ, विमानतळ, इस्पितळाचे लांबलचक बोळ. तिथं चालून दमायचं नाही, म्हणजे घरी चालायला ताकद उरते. बाबांना हे असंच सांग, कारण खरं तसंच आहे. खुर्ची आली म्हणून चालणं संपत नाही. उलट जे लग्न ते चुकवणार होते तिथं ते जाऊन येतात.

२८. बैठकीची रुंदी म्हणजे बसल्यावरची कमरेची रुंदी, आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच — त्याहून रुंद खुर्चीत माणूस एका अंगाला कलतो, अरुंद खुर्चीत कातडी घासते. आणि बाहेरची रुंदी वेगळी विचार. १८ इंच बैठकीची साधी खुर्ची बाहेरून २४ ते २६ इंच भरते, आणि जुन्या घरांत संडासाचं दार २४ इंचांचंही असतं.

२९. मोठ्या चाकांची की छोट्या चाकांची, हे ढकलणारा कोण यावर ठरव — बाबा स्वतः हाताने चाक फिरवणार नसतील तर छोट्या चाकांची खुर्ची हलकी, अरुंद आणि लिफ्टमध्ये मावणारी. पण आपले फुटपाथ तुला ठाऊक आहेत. छोटं चाक खड्ड्यात रुततं. बाहेर जास्त फिरायचं असेल तर मागची चाकं मोठीच हवीत.

३०. घेण्याआधी ती घडी करून गाडीच्या डिकीत तूच ठेवून बघ, दुकानातल्या पोराला ठेवू देऊ नकोस — साधी लोखंडी खुर्ची १५ ते २० किलोंची असते, आणि डॉक्टरांकडे जाताना ती उचलणार आहे तुझी आई.

३१. हात निघणारे आणि पायपट्ट्या बाजूला वळणाऱ्या असतील अशी खुर्ची घे, चार पैसे जास्त गेले तरी — आज त्याची गरज भासणार नाही, पण पुढे पलंगावरून सरळ सरकवून खुर्चीत घ्यायची वेळ येईल तेव्हा मधला हात काढता आला पाहिजे. आजाराच्या एक पाऊल पुढे राहायचं ते इथं.

३२. उठण्या-बसण्याआधी दोन्ही ब्रेक लाव आणि पायपट्ट्या वर घे, प्रत्येक वेळी — पायपट्टीवर उभं राहिलं की खुर्ची पुढे उलटते.

३३. चांगली गादी खुर्चीबरोबरच घे, मागाहून नको — ताणलेल्या कापडावर तासन्‌तास बसून कातडी लाल होते, आणि ती लाली दाबल्यावरही गेली नाही तर शय्याव्रणाची सुरुवात समज. दर थोड्या वेळाने जरा कलायला, जरा उचलायला लाव.

३४. उतारावर आणि पायरीवर खुर्ची उलटी उतरव, तू खाली आणि बाबांची पाठ तुझ्याकडे — तोंड पुढे करून उतरवलं तर वाकलेलं अंग सरळ पुढे घसरतं.

३५. दारात फळी टाकणार असशील तर एक इंच उंचीला एक फूट लांबी धर — सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. त्याहून उभा उतार तुझ्या आईला ढकलवणार नाही आणि आवरणारही नाही. आतला उंबरा काढता येत असेल तर काढ, नसेल तर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर बसव.

३६. ज्याची खुर्ची, त्याची दिशा. ढकलण्याआधी सांग, वळण्याआधी सांग, आणि कुणाशी बोलत थांबलीस तर बाबांचं तोंड त्या माणसाकडे कर — भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या खुर्चीतल्या माणसाला जे वाटतं, ते कुठल्याही आजारापेक्षा जास्त लागतं.

३७. बॅटरीवरच्या खुर्चीची घाई नको — हाताचा कंप, नजरेचा अंदाज आणि ऐन वेळी निर्णय घेणं, तिन्ही डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ती देऊ नये.

३८. आता तुझ्या पाठीचं. बाबांना काखेत हात घालून किंवा मनगटाला धरून ओढू नकोस. कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, त्याला ट्रान्सफर बेल्ट म्हणतात, तो धर — त्यांचा खांदा आणि तुझा मणका दोन्ही वाचतात. कसं धरायचं ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घे. आईला आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही शिकव.

३९. बाबा पडलेच तर उचलायला धावू नकोस, आधी शेजारी खाली बस — घाबरलेल्या हातांनी उचललं की दोघंही पडतात. डोक्याला मार असेल, खुबा दुखत असेल किंवा एक पाय आखूड नि बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवू नकोस, १०८ ला फोन कर. तसं काही नसेल तर कुशीवर, मग गुडघ्यांवर, आणि समोर खुर्ची ठेवून तिच्या आधाराने उठव. नंतर वहीत लिही: किती वाजता, कुठं, गोळीनंतर किती वेळाने. दोन-तीन नोंदी जमल्या की साहित्य बदलायची वेळ आली का ते डॉक्टरांना त्यातूनच कळतं.

४०. कागदपत्रं आत्ताच सुरू कर — २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी या ओळखकार्डासाठी बाबांना स्वतः तपासणीला जावं लागतं, आणि ते आज चालत जाऊ शकतात. आपल्या गावाकडच्या काकूंनाही सांग: उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ६० वर्षांवरच्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तीत काठ्या, वॉकर, व्हीलचेअरी मिळतात. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याचं ते साहित्य. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना साहित्यासाठी ३,००० रुपये एकरकमी आहेत. सध्या अर्ज घेतायत का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घे.

४१. दर सहा महिन्यांनी सगळं साहित्य नव्याने पारख — बाबा बदलतात, खुर्ची तशीच राहते. स्क्रू सैल झाले का, ब्रेक धरतात का, उंची अजून बरोबर आहे का, आणि ती वस्तू ते खरोखर वापरतात का. वापरत नसतील तर रागावू नकोस, कारण विचार. बहुतेक वेळा ते कारण बरोबर असतं.

४२. जी वस्तू बाबांच्या उपयोगाची राहिली नाही ती माळ्यावर टाकू नकोस, साहित्य केंद्राला देऊन टाक — तिथं व्हीलचेअरसाठी नाव लावून थांबलेली घरं असतात. देताना पुसून, स्क्रू आवळून आणि रबर नवं बसवून दे.